बाबालालभाईंच्या गाडीतले पाव्हणे

पहिल्याच दिवशी मी चूक केली. फोन आला, मी गावाचं नाव लिहून घेतलं आणि आत हाक मारली, "भाई, बुधगावचा पेशंट आहे."

बाबालालभाई शिकलगार खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"पेशंट दवाखान्यात," ते म्हणाले. "आपल्या गाडीत बसला की पाव्हणा. पाव्हण्याला काय इचारतो आपण? पाणी घेनार का, नीट बसलाय का, कुठं उतरायचं हाय. तेवडंच आपलं काम. बाकीचं डाक्टर बगतील."

तोपर्यंत बुधगावची गाडी फाटकाबाहेर पडलीसुद्धा होती.

माधवनगरच्या ज्या मिलच्या हपिसात मी पंधरा वर्षं काढली ती बंद पडली आणि मी भाईंकडे फोनवर बसायला आले. सांगलीत, स्टँडपासून थोड्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये सहा रुग्णवाहिका आणि पुढे एक खोली. त्या खोलीत मी पुढची अकरा वर्षं बसले. गाड्यांवर कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं 'रुग्णवाहिका' आणि फोन नंबर. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, नाव घाला, जाहिरात होईल. भाई म्हणाले, "आजारी मानूस नाव वाचून बसतो व्हय?" तरी साऱ्या जिल्ह्यात त्या 'बाबालालच्या गाड्या' म्हणूनच ओळखल्या जात.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. वडील आष्ट्यात ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायचे, तेच मनगट यांना मिळालेलं. स्ट्रेचर उचलताना कपाळावर आठी नसायची. पांढरा शर्ट, खाकी पँट, आणि वरच्या खिशात कायम दोन गोष्टी: एक कंगवा आणि एक गोळ्यांची पुडी, लिमलेटच्या. कंगवा स्वतःसाठी नव्हता. घरी परत न्यायच्या माणसाला गाडीतून उतरवण्याआधी ते त्याचे केस नीट करायचे. "आठ दिस दवाखान्यात लोळून आल्यालं मानूस," ते म्हणायचे, "दारात समदं घर हुबं असतं. जरा बरं दिसाया नको?" ज्याला शेवटचं घरी नेत असत त्याचेही केस ते तसेच विंचरायचे. लिमलेटच्या गोळ्या बरोबरच्या नातेवाइकांसाठी. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, हे त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं होतं.

फोनवर कसं बोलायचं हे त्यांनीच मला शिकवलं. समोरचा रडत असला तरी त्याला तोडायचं नाही, पण गावाचं नाव आधी काढून घ्यायचं. आणि गाडी शेडबाहेर पडल्याशिवाय 'निघाली' म्हणायचं नाही. "निघाली म्हंजे चाक फिरलं पायजे. तितं एक मानूस दारात हुबं ऱ्हाऊन रस्त्याकडं बगत असतंय, बाई. त्याला खोटं सांगू नगं."

धंद्यात कसे आलात, असं विचारलं की ते एकाच वाक्यात सांगायचे: "दूध नासलं, मानूस वाचला, नोकरी गेली." तरुणपणी ते दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. एका सकाळी वाटेत छातीत कळ आलेला एक शेतकरी दिसला. त्यांनी निम्मे कॅन रस्त्याकडेला उतरवले, त्याला मधे झोपवलं आणि सांगलीला आणलं. दुपारी परत गेले तेव्हा उन्हात कॅन तसेच होते. मालकानं तिथल्या तिथं किल्ली काढून घेतली. पुढं तोच शेतकरी आपल्या पाव्हण्यारावळ्यांत फिरला आणि भाईंना जुनी गाडी घ्यायला हातभार लागला. यापलीकडे ते स्वतःबद्दल काही सांगत नसत. जे मला माहीत आहे ते मी पाहिलेलं आहे.

एकदा मला साताऱ्याला बहिणीकडे जायचं होतं. त्याच दिवशी सकाळी वाईची एक फेरी होती. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक शिंदे म्हणून गृहस्थ, सांगलीच्या दवाखान्यातून घरी चालले होते. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरीच न्या. भाई स्वतः गाडी चालवणार होते, म्हणून मीही पुढे बसले.

मागं मुलगा वडिलांचा हात धरून बसला होता. म्हातारे डोळे मिटून होते. आष्टा गेलं, पेठ नाका आला तसे ते अस्वस्थ झाले. मान इकडून तिकडे करू लागले. मुलगा म्हणाला, "काय होतंय अण्णा? दुखतंय का?" ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणत्यात?" भाईंनी विचारलं.

"कुठं आलो, विचारतायत. खिडकीतून दिसत नाही ना त्यांना."

 भाई गळा साफ करून मोठ्यानं ओरडले, "चला, पेठ नाका, पेठ नाका! उतरणारं कोन हाय का?"

मी दचकले. मागं वळून पाहिलं. म्हाताऱ्यांची मान हलायची थांबली होती.

मग भाईंनी प्रत्येक थांबा पुकारला. कराडला तर त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाले, "कराड! दहा मिन्टं थांबल गाडी, च्या प्या, लघवीला जाऊन या!" मुलगा हसला आणि हसता हसता त्यानं तोंडावर रुमाल धरला. उंब्रज झालं. पुढे भाई म्हणाले, "चला, अतीत, अतीत!"

मागून अगदी बारीक पण स्पष्ट आवाज आला. "काशीळ राहिलं."

भाईंनी आरशात पाहिलं. "चुकलं सायेब. काशीळ, काशीळ! कोन उतरनार काशीळचं?"

"एक बाई आहे," म्हातारे म्हणाले. "टोपली घेऊन. सांभाळून उतरवा."

भाईंनी खरोखर गाडी कडेला घेतली. दोन क्षण थांबवली. मग आरशात बघून म्हणाले, "उतरल्या बाई. जाऊ दे?"

मागून स्ट्रेचरच्या लोखंडी नळीवर अंगठीचे दोन टोले पडले. टण टण. गाडी निघाली.

मला साताऱ्याला उतरायचं होतं. मी उतरले नाही. पाचवडला वळून वाईपर्यंत गेले. कृष्णेच्या पुलाजवळ त्यांचं घर होतं. दारात बायका उभ्या होत्या. भाईंनी कंगवा काढला, शिंद्यांचे विरळ केस मागे वळवले आणि म्हणाले, "वाई आली सायेब. शेवटचा थांबा. गाडी खाली करायची." शिंदे त्यांच्याकडे बघून म्हणाले, "वेळेवर आणलीत." चार दिवसांनी ते गेल्याचा मुलाचा फोन आला. त्यानं मला एवढंच सांगितलं की अण्णांनी त्या चार दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फेरी सांगितली.

भाई देणगी देत हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुठं आणि किती, ते त्यांच्या बायकोला, जैतूनभाभींनाही पुरतं ठाऊक नसे. दोन ठिकाणं मात्र मला माहीत होती. मुक्याबहिऱ्या मुलांची एक शाळा आणि नदीकाठचा एक वृद्धाश्रम. सत्काराला बोलावलं की भाई जायचे, शाल घ्यायचे, भाषण करा म्हटलं की "लय बरं वाटलं" एवढं म्हणून खाली बसायचे. शाल दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात. "सत्काराची हाय म्हनून थंडी कमी अडीवती व्हय?"

शाळेत ते वर्षातून दोनदा एक गाडी घेऊन जायचे. मुलं गाडीला गराडा घालायची. भाई सायरन सुरू करायचे आणि मुलं बॉनेटवर, दारांवर, पत्र्यावर दोन्ही तळहात टेकून उभी राहायची. आवाज त्यांच्या हातांतून वर चढायचा. एक लहान मुलगी गाल पत्र्याला लावून डोळे मिटून घ्यायची. शेजारपाजारच्या घरांतून तक्रारी यायच्या. भाई स्वतः त्या घरांत जाऊन हात जोडून यायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

पुराच्या वर्षीची गोष्ट. पाणी अजून रस्त्यावर आलं नव्हतं. लोक पुलावर उभे राहून बघत होते. भाई सकाळी नदीवर जाऊन आले आणि म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यास्नी हलवाया पायजे." वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले, दुपारपर्यंत बघू. भाई म्हणाले, "तुमी बगा. आमी उचलतो." चार गाड्यांनी बावीस माणसं माधवनगरला एका ओळखीच्या विणकराच्या शेडमध्ये नेली. माग भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या. संध्याकाळी आश्रमाच्या पायऱ्यांवर पाणी चढलं.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. त्या बावीस जणांत दामलेआजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, ताठ, आणि दुसऱ्याच्या, त्यातून जैतूनभाभींच्या हातचं खाणार नाहीत. पहिल्या रात्री त्या केळी खाऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाई त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"आजी, किती दिस केळी खानार?"

"माझं मी बघेन. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सवय आहे जन्माची."

"वाईट न्हाई वाटत. पन मग तुमीच करा सैपाक. नवी शेगडी आनतो, नवी भांडी आनतो. आमाला बी चार घास घाला."

आजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बावीस माणसांचं?"

"आमी धरून तीस."

दामलेआजींनी पदर खोचला. पुढचे अकरा दिवस त्या स्टुलावर बसून आमटी-भात करत होत्या. जैतूनभाभी भाजी चिरून, तांदूळ निवडून द्यायच्या आणि मग बाजूला, शेडच्या दुसऱ्या टोकाला, ड्रायव्हर लोकांसाठी भाकरी थापायच्या. पाणी ओसरलं, परत जायचा दिवस आला. गाडीत बसायच्या आधी दामलेआजी भाईंना म्हणाल्या, "तुझ्या बायकोला म्हणावं, एक भाकरी दे. अकरा दिवस नुसता वास घेतेय."

भाभींनी गरम भाकरीवर खर्डा ठेवून दिला. आजींनी गाडीत बसून ती सबंध खाल्ली. भाई मला हळूच म्हणाले, "कुनाला सांगू नगं हां. म्हातारीला वाईट वाटंल." आता दामलेआजीही नाहीत, म्हणून सांगते आहे.

हे सगळं वाचून भाई म्हणजे देवमाणूस, असं कुणाला वाटेल. त्यांना स्वतःला तसं कधी वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं.

साताऱ्याजवळच्या एका गावचे जाधव गुरुजी. त्यांच्या पत्नीला सांगलीहून पुण्याला हलवायचं होतं. गाडीवर संपत नावाचा ड्रायव्हर होता, सहा वर्षं आमच्याकडे असलेला. उंब्रजच्या पुढे ऑक्सिजन संपला. जादा सिलिंडर होता, पण तोही रिकामा निघाला. आदल्या फेरीत वापरलेला सिलिंडर कुणीतरी पुन्हा त्याच जागी ठेवला होता आणि निघताना संपतनं काटा पाहिला नव्हता. जरा तपासून घेऊ, एवढंच मागं बसलेल्या गुरुजींना सांगून त्यानं गाडी पळवून वाटेतल्या एका दवाखान्यात घातली. तिथं ऑक्सिजन मिळाला, त्या पुण्यापर्यंत पोचल्याही. तिसऱ्या दिवशी गेल्या. भाईंनी विचारलं तेव्हा पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आजारच तसा होता, त्यानं फरक पडला नसता.

संपत शेडमध्ये येऊन भिंतीला टेकून रडला. भाईंचा वकील भाचा म्हणाला, "मामू, डॉक्टरांनीच सांगितलंय. गाडीत काय झालं ते त्या गुरुजींना कळलेलं पण नाही. तुम्ही गप्प बसा."  दहावं झाल्यावर भाई मला म्हणाले, "बाई, तू चल माझ्यासंगं. मला एकट्याला बोलाया जमायचं न्हाई."

गुरुजी ओसरीवर बसले होते. डोकं भादरलेलं, अंगावर धुवट सदरा. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. भाई ते न पिताच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मंडळींना नेताना आमच्या गाडीतला आक्सिजन संपला व्हता. दुसरा सिलिंडर बी रिकामा व्हता. गाडी माझी. चूक माझी."

गुरुजी म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, आजारच तसा..."

"डाक्टर म्हनले ते खरं आसंल. पन सिलिंडर रिकामा व्हता, ह्ये बी खरं हाय. ते तुमास्नी म्हाईत पायजे."

 आत कुणीतरी भांडी घासत होतं.

"किती वेळ?" गुरुजींनी विचारलं.

"अकरा मिन्टं."

गुरुजी आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले. "तिनं माझा हात आवळून धरला होता. मला वाटलं, घाबरलीय. मी आपला तिला सांगत होतो, घाबरू नको, घाबरू नको." त्यांचा आवाज चढला नाही. "ती मला सांगत होती हो काहीतरी."

भाईंनी मान खाली घातली.

"जा तुम्ही," गुरुजी म्हणाले. "पुन्हा येऊ नका."

 परतीच्या वाटेवर कराडला गाडी थांबवून भाईंनी नळावर तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते स्वतः सगळ्या गाड्यांत चढायचे, प्रत्येक सिलिंडर उघडून काटा बघायचे आणि हवेचा आवाज कानानं ऐकायचे. ताप असला तरी यायचे. संपतला काढलं नाही. सगळे म्हणाले, काढा. भाई म्हणाले, "काडला तर दुसरीकडं जाऊन बिन बगता सिलिंडर लावल. हितं ऱ्हायला तर जन्मभर बगल." संपत राहिला. तोही रोज त्यांच्या मागोमाग गाडीत चढायचा आणि तोच काटा पुन्हा बघायचा.

तीनेक वर्षांनी एके सकाळी फोन आला. आवाज मी ओळखला, गावाचं नाव ऐकायच्या आधी.

"जाधव बोलतोय. माझा भाऊ सांगलीत दवाखान्यात आहे. त्याला पुण्याला न्यायचंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, तुम्हाला माहीत आहे ना, ही गाडी कुणाची..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुमच्याइतकं बघून दुसरं कोण गाडी सोडत असेल आता?"

भाईंनी स्वतः गाडी नेली. निघताना सिलिंडर तीनदा पाहिले. संध्याकाळी उशिरा परत आले तेव्हा मी त्यांच्यासाठी थांबले होते. विचारलं, "गुरुजी काय बोलले?"

"काय न्हाई," भाई म्हणाले. "पुढंच बसले व्हते, माझ्या बाजूला. टोलनाक्याच्या पुढं गाडी थांबीवली तर सोता उतरून गेले आनि मला च्या घेऊन आले." ते खुर्चीत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "साखर किती घालू, म्हनून इचारलं मला." 

नंतर भाईंना साखरेचा आजार जडला, नजर कमी झाली. एके दिवशी त्यांनी आपणहून किल्ली थोरल्या मुलीच्या, आसमाच्या हातात दिली. ती आता कंपनी चालवते, आणि चांगली चालवते. मीही गुडघ्यांनी थकले आणि साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेले. फोनवर बोलणं व्हायचं. "या की एकदा," ते म्हणायचे. येते येते म्हणत राहून गेलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या आधी. मी कामासाठी सांगलीला आले होते आणि परतीच्या एसटीत बसले होते. बाजाराची गर्दी, चौकात सगळं अडकलेलं. मागून सायरन वाजू लागला. कुठल्याशा दुसऱ्या कंपनीची रुग्णवाहिका होती. कुणी जागा देईना, म्हणजे द्यायला जागाच नव्हती. तेवढ्यात फुटपाथवरून एक म्हातारा रस्त्यात उतरला. पांढरी दाढी, अंग वाळलेलं, हातात भाजीची पिशवी. ती पिशवी वर धरून तो आमच्या एसटीसमोर येऊन उभा राहिला.

"आवं डायवरसायेब, डावीकडं घ्या! डावीकडं! आजून जरा! ए गड्या, मोटारसायकल उचल की तुजी!"

आवाज ऐकला आणि मी उठून उभी राहिले. एसटी डावीकडे सरकली, रिक्षा मागे झाल्या, मधे एक पट्टा मोकळा झाला आणि रुग्णवाहिका निघून गेली. भाई तिच्याकडे बघत उभे होते. उंच धरलेल्या पिशवीतून लिंबं गळून रस्त्यावर पसरली होती, त्यांचं लक्षच नव्हतं.

मी खिडकी जोर लावून उघडली, "भाई! भाई!" म्हणून ओरडले. हॉर्नच्या कल्लोळात काही पोचलं नाही. आमची गाडी सुटली. पुढं त्या थंडीतच भाई वारले.

त्या दिवशी मागच्या काचेतून मी पाहत राहिले. भाई रस्त्यात वाकून, चाचपत लिंबं गोळा करत होते. ट्रॅफिक पोलीस हात आडवा करून उभा होता. एक लिंबू रिक्षाखाली गेलं होतं, आणि रिक्षावाला, मागच्यांच्या शिव्या खात, हळूहळू रिक्षा मागं घेत होता.